उत्तर न देणारे अकरा जण

माझे दीर चित्रकार आहेत. भिंत, कपाट, पाळणा, मोटारसायकलची टाकी, जे आणून द्याल त्यावर तुम्हाला हवं ते काढून देणारे. वय बावन्न. लग्न केलं नाही, आणि 'करू की पुढे' असं म्हणायचंही आता सोडलंय. कामाची आमची एकच लांबट खोली आहे. पुढच्या अर्ध्या भागात माझं शिलाईमशीन, मागच्या अर्ध्या भागात त्यांचं रंगकाम, मध्ये पडदा. पडदा माझ्या हातचा, त्यावरचे डाग त्यांच्या हातचे. बावीस वर्षं आम्ही असे पाठीला पाठ लावून काम करतोय.

मी तोंडाची फटकळ आहे, ते आधीच सांगून टाकते. पँटची उंची कमी करायला देऊन दोन महिने फिरकला नाहीस, तर मी तुझ्या घरी येऊन ती पँट तुझ्या आईसमोर टाकीन. भाऊजी तसे नाहीत. भाऊजी सज्जन आहेत. इतके सज्जन, की कधीकधी धरून गदागदा हलवावंसं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीने काकाच्या चित्रांचे फोटो काढून इंटरनेटवर टाकले आणि खाली फोन नंबर दिला. तेव्हापासून चौकशा येतात. फोन वाजला की भाऊजी ब्रश ठेवणार, चिंधीला हात पुसणार आणि करंगळीने उत्तर लिहिणार, कारण तेवढं एकच बोट कोरडं असतं. मग फोन खिडकीत ठेवायचा आणि वाट बघायची. दिवसातून वीस वेळा खिडकीपाशी जाऊन यायचं. पलीकडून चकार शब्द नाही.

"अहो भाऊजी, फोन करून विचारा ना त्या माणसाला!" मी पडद्याआडून ओरडायची.

"नको वहिनी. त्यांना करायचं असेल तर कळवतील की."

"आणि नसेल करायचं तर?"

"मग तर विचारायलाच नको."

घ्या! या माणसाशी भांडण लावणंसुद्धा कठीण.

यंदा तर कहरच झाला. तीन महिन्यांत अकरा चौकशा, आणि अकराच्या अकरा जण गप्प. आधी मी त्या लोकांना मनसोक्त शिव्या घातल्या. पण मग भाऊजींचं बोलणं कमी होत गेलं. एकदा चहा पिताना कपाकडे बघत म्हणाले, "माझं काम आता लोकांना आवडत नाही बहुतेक." तक्रारीच्या सुरात नाही हो, बाहेर ऊन आहे म्हणावं तसं. मला इतका राग आला, की चहा तसाच टाकून मी मशीनवर जाऊन बसले.

आमचे हे बस डेपोत मेकॅनिक आहेत. भावाची काळजी त्यांनाही होतीच. त्यांनी साहेबांच्या मागे लागून डेपोतली एक जागा मिळवली. बसवर नंबर रंगवायचे, पाट्या रंगवायच्या, संध्याकाळी साडेपाचला हात धुऊन घरी. शुक्रवारपर्यंत होकार द्यायचा होता. भाऊजी लगेच म्हणाले, "बरं झालं दादा, देतो होकार." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ब्रश धुऊन, पुसून, जाडीप्रमाणे लावून डब्यात भरायला सुरुवात केली.

डेपोचं काम वाईट नाही, आमचं घर त्यावरच उभं आहे. पण बसचा नंबर रंगवताना कुणाला काही विचारावं लागत नाही. सत्तेचाळीस म्हणजे सत्तेचाळीस. आणि भाऊजींचा सगळा जीव विचारण्यात. लहानपणापासून आमचे हे त्यांना 'फौजदार' म्हणतात ते उगाच नाही. एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना बाहेरच्या खोलीत डोंगर-नदीचं चित्र हवं होतं. यांनी विचारलं, "सगळ्यात घाबरलेला पेशंट कुठल्या खुर्चीवर बसतो?" बाई म्हणाल्या, दाराजवळच्या, पळून जायला बरं पडतं म्हणून. भाऊजींनी डोंगर काढले, नदी काढली, आणि त्या खुर्चीशेजारी खाली कोपराच्या उंचीवर भिंतीवर एक झोपलेली मांजर काढली. आता तिथे पेशंट त्या खुर्चीसाठी भांडतात. असा माणूस नंबर रंगवणार! आणि पडद्यामागे कुणी नसेल तर मी दिवसभर बडबड कुणाशी करू, हा माझा स्वार्थही त्यात होता. कशाला खोटं बोलू?

सोमवारी सकाळी त्यांनी आपला फोन माझ्या कात्रीशेजारी आणून ठेवला.

"वहिनी, एक काम करता? त्या अकरा जणांना कळवून टाका, की मी काम बंद करतोय. उगाच ताटकळायला नकोत."

"ताटकळायला? ते? अहो, तीन महिने ताटकळताय तुम्ही!"

"तरी कळवा. बरं दिसत नाही."

मी कपाळाला हात लावला. त्यांनी फोन ठेवला आणि रंगाच्या दुकानात उरलेले डबे परत घेतात का बघायला गेले. मी फोन उघडला आणि पहिल्यांदाच वाचलं, की आमचे फौजदार त्या करंगळीने लोकांना लिहितात तरी काय.

एका पोराने मोटारसायकलच्या टाकीवर ज्वाळा मागितल्या होत्या. 'किती होतील आणि कधी मिळेल?' यांचं उत्तर: 'ज्वाळा काढता येतील. तुम्ही रोज जाता त्या रस्त्यावर वारा कुठल्या बाजूने असतो?' खानावळवाल्याला भिंतीवर होडी हवी होती. यांनी विचारलं, 'होडीत कोण आहे?' एका बाईला बाळाच्या पाळण्यावर पक्षी हवे होते. 'बाळ कुठल्या कुशीवर झोपतं?' अकरा जणांना अकरा प्रश्न! पैसे किती, दिवस किती, याचा कुठेही पत्ता नाही. नमस्कार, प्रश्न, आपला नम्र.

अगं बाई! मी तीन महिने भलत्याच लोकांना शिव्या घालत होते.

भाऊजी म्हणत होते उत्तर आलं नाही. आणि त्या लोकांना वाटत असणार, उत्तर तर आपण मागितलं होतं, आपल्यालाच परीक्षेला का बसवलं? मला हसू फुटलं आणि मागोमाग रडूही आलं. एवढा मोठा माणूस, पण कुणाला साधा आकडा सांगता येत नाही. कारण वारा कुठून येतो ते कळल्याशिवाय याला ज्वाळा दिसतच नाहीत.

काम बंद केल्याचं मी कुणालाही कळवलं नाही. अकराही जणांना एकच मजकूर पाठवला: 'मी चित्रकारांची वहिनी. ते विचारतात ते कामासाठीच विचारतात, डोकं ठिकाणावर आहे. त्यांना नोकरी लागतेय. तुमचं चित्र हवं असेल तर शुक्रवारच्या आत हो म्हणा, नको असेल तर नाही म्हणा. गप्प बसू नका.' वाचून पाहिलं तर जरा दमदाटीचं वाटलं. पण पाठवून झालं होतं.

दुपारपासून फोन वाजायला लागला. मोटारसायकलवाल्या पोराने लिहिलं, 'सॉरी वहिनी, वाऱ्याचं वाचून वाटलं काका थोडे हे आहेत. पण डाव्या बाजूने असतो. पुलावर कळलं.' खानावळवाला म्हणाला, होडी हवीच आहे, पण होडीत कोण यावरून त्याच्यात आणि भागीदारात भांडण जुंपलंय, अजून मिटलेलं नाही, मिटलं की कळवतो. पाळण्यावाली म्हणाली, 'आज रात्री बघीन, उद्या बघीन असं करता करता राहूनच गेलं, आणि मग लिहायची लाज वाटली.' सात जणांनी सरळ नाही म्हटलं. तेही बरं झालं.

भाऊजींनी ते सगळं वाचलं, दोनदा वाचलं. "म्हणजे राग नव्हता त्यांना," एवढंच म्हणाले. पण ब्रशचा डबा काही उघडला नाही. "तीन कामं आहेत, वहिनी. सुट्टीच्या दिवशी करीन. दादाला शब्द दिलाय." आता काय डोकं आपटू?

एकाने मात्र होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्याची चौकशी नऊ आठवड्यांपूर्वीची होती. लिहिलं होतं: 'पत्नीचं चित्र हवं आहे. गेल्या वर्षी गेली. फोटो एकच आहे, ओळखपत्राचा. त्यात गंभीर दिसते. ती तशी नव्हती, हसरी होती. हसरं करून मिळेल का?' आणि खाली भाऊजींचा प्रश्न: 'मिळेल. हसताना त्या कुठे बघायच्या? खाली, बाजूला, की समोर?'

गुरुवारी दुपारी एक म्हातारे गृहस्थ दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण तुटलेलं. मला वाटलं बटण लावून घ्यायला आलेत. म्हणाले, "वहिनी तुम्हीच का? मला रागावून लिहिलंत ते?"

मी जीभ चावली आणि त्यांना स्टूल दिलं. भाऊजी पडदा सारून बाहेर आले.

"तुमचं बरोबर आहे हो, गप्प बसायला नको होतं," ते म्हणाले. "मी घड्याळं दुरुस्त करायचो. घरीच, खिडकीशी टेबल होतं. डोळ्याला भिंग लावलं की मान वर करायची सोय नाही. मान हलली की स्क्रू गेला, मग बसा फरशीवर शोधत. ती टेबलापलीकडे स्वयंपाकघरात. दिवसभर काहीतरी सांगत असायची, कुणाच्या नकला करायची, आणि हसायची. हसणं अजून कानात आहे माझ्या. पण तुम्ही विचारलंत, कुठे बघायची. आणि मला... एकेचाळीस वर्षं संसार झाला आणि मला ते माहीत नाही."

भाऊजी गडबडले. "अहो, नसेल आठवत तरी चालेल. आपण अंदाजाने..."

"नाही, नाही. मी शोधलं ना. शेजाऱ्यांना विचारलं, त्यांना सांगता येईना. मग तिच्या बहिणीकडे गेलो, दोन गाड्या बदलून. तिला विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, 'भाऊजी, हे तुम्ही मला विचारताय? हसताना ताई तुमच्याकडेच तर बघायची. तुम्ही हसलात की नाही ते बघायला.'"

माझा पाय मशीनच्या पायडलवर होता, तो मी हळूच काढून घेतला.

"सहा आठवडे झाले त्याला," ते म्हणाले. "रोज लिहायला घेतो. 'समोर' एवढा एक शब्द लिहायचा. पण लिहवत नाही हो."

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हातात पिवळ्या फ्रॉकची बाही होती. भाऊजींनी त्यांच्यासमोर जमिनीवरच बैठक मारली. म्हणाले, "तुमचं टेबल अजून तिथंच आहे? मग चित्र टेबलासमोरच्या भिंतीवर लावू. मान वर केली की नजर किती उंचीवर जाते?" आणि माझी मापाची पट्टी घेऊन ते म्हाताऱ्या माणसाचं मान खाली घालून बसणं मोजायला लागले, मग मान वर करून बसणं. ते मोजताना त्यांचा चेहरा मी बघितला, आणि मला कळलं की डेपोची गोष्ट संपली.

संध्याकाळी त्यांनी दादाला सांगितलं, "नाही जमणार मला." आमचे हे चिडले, चांगली दहा मिनिटं चिडले. "साहेबांना काय तोंड दाखवू?" वगैरे झालं. मग मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, चष्मा पुसला, म्हणाले, "फौजदार तो फौजदारच. सांगतो मी साहेबांना." पुढे चौकशांची उत्तरं मी लिहायला लागले. आधी पैसे, मग दिवस, आणि खाली भाऊजींचा एक प्रश्न, शेजारी लिहिलेलं, की माहीत नसेल तर तसं कळवा, काम थांबणार नाही.

चित्र तीन आठवड्यांनी झालं. पोहोचवायला आम्ही दोघं गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी ते टेबल, त्यावर चिमटे एका ओळीत मांडलेले. भाऊजींनी मोजून खिळा मारला, चित्र लावलं आणि बाजूला झाले. बाई हसत होत्या. नुकतंच काहीतरी बोलून झालंय, आणि आता समोरच्याला हसू येतंय का ते बघताहेत, अशा.

ते गृहस्थ खुर्चीत बसले. सवयीने आधी मान खाली गेली, हात चिमट्याकडे गेला. मग त्यांनी मान वर केली. कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. आम्ही दोघं तिथे आहोत हे ते विसरलेच असावेत, कारण पुढचं बोलणं आमच्यासाठी नव्हतं.

"हसायचो गं मी," ते म्हणाले. "दर वेळी हसायचो. मान तेवढी वर केली नाही."