लाईट आली की पाणी कोण भरणार?

चार मास्तर एका खोलीत बसवा आणि रोज दुपारी लाईट घालवा, किस्से आपोआप साचतात. हिंगोलीच्या एसटी डेपोजवळ, खताच्या दुकानाच्या वर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. दोन हजार सालाच्या पुढेमागे. आजही आम्ही जुने लोक भेटलो की चहा थंड होतो, पण किस्से संपत नाहीत!

क्लास बोंढारे सरांचा. नऊ मशीन विंडोजची, त्यांचे सेनापती इंगोले सर. कोपऱ्यातलं दहावं मशीन लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या, फुकट मिळणाऱ्या सिस्टिमचं. तिथे सेनापती, सैन्य, घोडे, सगळं मीच. खिल्लारे मॅडम!

मुळात मी टायपिंगची मॅडम. बाजूच्या खोलीत पहाटेपासून पोरांची खटखट ऐकायची. कोपऱ्यातलं मशीन बोंढारे सरांनी भंगारात काढलं होतं. "विंडोज चालत न्हाई त्याच्यावर, धापा टाकतं," म्हणाले. माझा भाऊ औरंगाबादला शिकत होता. कुठल्याशा मासिकासोबत फुकट आलेली लिनक्सची सीडी त्याने आणली, आम्ही ती टाकली, आणि मेलेलं मशीन उठून बसलं! मला दुपारची बॅच मिळाली. टायपिंगवाली बाई एका सीडीवर कॉम्प्युटरची मॅडम झाली.

ते मशीन गेलं की मी परत टायपिंगच्या खोलीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी त्याच्यासाठी भांडायची. आणि खरं सांगायचं तर भांडायला मजाही यायची.

* * *

क्लासात यूपीएस होते, पण बॅटऱ्या गेलेल्या. लाईट गेली की नुसते केकाटायचे. मशीन असं धाडकन बंद झालं की पुढच्या वेळी ते आधी स्वतःची डिस्क तपासत बसायचं. विंडोज अठ्ठ्याण्णव निळ्या पडद्यावर तपासायचं, माझं लिनक्स काळ्या पडद्यावर. एवढाच काय तो फरक.

यावरून आमच्यात नियमच झाला. लाईट आली की इंगोले सरांनी आणि मी एकदम बटण दाबायचं. ज्याचं मशीन मागून उठेल, त्याने खाली हापशावर जाऊन क्लासची घागर भरून आणायची!

सुरुवातीला रोज मीच पाणी भरलं. जिना चढताना वरून इंगोले सरांचा आवाज यायचा, "मॅडम, तुमच्या लिनक्सला उठवा! पाणी आलंय म्हणावं, आंघोळ करून घे!"

मग भावाने नवी सीडी पाठवली. तिच्यात ती लांबलचक तपासणी टाळायची सोय होती. त्या दुपारी लाईट आली, दोघांनी बटण दाबलं. इंगोले सरांचा निळा पडदा अजून अर्ध्यातही नव्हता आणि माझं मशीन तयार!

मी उठले. घागर उचलली आणि त्यांच्या कीबोर्डशेजारी ठेवली.

* * *

इंगोले सरांना संशय आला की मी त्यांच्या मशीनमध्ये काहीतरी करून ठेवते. त्यांनी पासवर्ड टाकला. भर वर्गात जाहीर केलं, "आता बघू कोण हात लावतं!"

विंडोज अठ्ठ्याण्णवची गंमत अशी की पासवर्डची चौकट आली की एस्केपचं बटण दाबायचं. चौकट बाजूला होते, आपण आत! मी त्यांच्यासमोरच दाबलं आणि त्यांचा आवडता पत्त्यांचा डाव उघडून दिला.

"मग तुमचं पण असंच असंल," म्हणून ते माझ्या मशीनवर बसले. एस्केप, एस्केप, एस्केप. अख्खी बॅच संपली तरी एस्केप चालूच. शेवटी बोंढारे सर दारातून म्हणाले, "इंगोले, दार वाजवून राहिले का पाडून राहिले?"

* * *

एक गोष्ट मात्र कबूल करते, आणि एकच करते. प्रिंटर! आमच्या प्रिंटरचं आणि माझ्या लिनक्सचं शेवटपर्यंत जमलं नाही. छापायला दिलं की कोरा कागद बाहेर.

इंगोले सर तो कागद पोरांना उंच करून दाखवायचे. "बघा, किती साफ काम हाय! एक डाग न्हाई!"

मग मी फ्लॉपी घेऊन त्यांच्या दारात. ते खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "विंडोज महाराज की जय म्हणा, मंग छापतो." मी तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. "ऐकू न्हाई आलं, मॅडम!" मागच्या बाकावरची पोरंसुद्धा म्हणायची, "न्हाई आलं, मॅडम!"

* * *

हट्टा गावचे पाईकराव काका मुलीला, पौर्णिमाला, घेऊन आले. "जय भीम मॅडम. पोरीला कोन्तं शिकवावं, तुमीच सांगा."

मी सांगायच्या आत इंगोले सरांनी त्यांना विंडोजसमोर बसवलं. रंग दाखवले, गाणं वाजवलं. काकांनी शांतपणे सगळं बघितलं, मशीनला मागून एक फेरी मारली आणि बैलबाजारात विचारावं तसं विचारलं, "खातं किती?"

इंगोले सर गडबडले. मी म्हटलं, "काका, त्यांच्या मशीनला मेमरी जास्त लागते. माझं त्याच्या अर्ध्यात भागवतं."

"अन् कामाला?"

"कामाला दिवसभर उभं."

काका पौर्णिमाला म्हणाले, "कोपऱ्यात बस." माझ्या बॅचची ती पहिली मुलगी जी कोपऱ्यातल्या मशीनची फी कमी म्हणून नाही, तर लिनक्स शिकायला आली! महिनाभरात तिने एक प्रोग्राम लिहिला. बटण दाबलं की नुसत्या अक्षरांनी काढलेली बकरी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची. मी ती येईल त्याला दाखवायची. इंगोले सर म्हणायचे, "चारापाणी घाला तिला!"

* * *

आणि मग जवळा बाजार.

बोंढारे सरांनी त्या गावात नवी शाखा काढायची ठरवली आणि मीटिंगमध्ये सांगून टाकलं, "तिकडं सगळं विंडोजच राहील. इकडचं कोपऱ्यातलं मशीन पण आता काढू, जागा लागून राहिली. मॅडम, तुमी आपलं टायपिंग सांभाळा."

मी हूं म्हटलं.  इंगोले सरांनीसुद्धा त्या दिवशी मला चिडवलं नाही.

उद्घाटन आठवडी बाजाराच्या दिवशी. टेबलावर एकच कॉम्प्युटर भकास दिसतो म्हणून माझंही मशीन टेम्पोत घातलं, नुसतं मांडायला. समोर बाजाराला आलेली तोबा गर्दी. इंगोले सर भर उन्हात लग्नातला कोट घालून. पाहुण्या म्हणजे सरपंच गयाबाई, घरी शेळ्यामेंढ्यांचा मोठा कळप असलेल्या. त्यांनी विंडोजवर बटण दाबायचं, पडद्यावर फुलं उमलणार, टाळ्या!

गयाबाईंनी बोट पुढे केलं आणि लाईट गेली!

थोड्या वेळाने आली. सवय हो हाताची! इंगोले सरांनी त्यांचं बटण दाबलं, मी माझं.

निळा पडदा. सगळी गर्दी निळ्या पडद्याकडे बघतेय. गयाबाई म्हणाल्या, "सर, काय करून राहिलं हे?"

"तपासून राहिलं बाई. जरासं थांबा."

"अन् हे बाजूचं?"

बाजूचं उठलेलं होतं. मी नाव आणि पासवर्ड टाकला, पौर्णिमाचा प्रोग्राम लावला आणि कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला.  गयाबाईंनी बटण दाबलं.

बकरी चालायला लागली.

"बकरी! बकरी!" पोरं टेबलावर चढायचीच बाकी राहिली. गयाबाईंनी परत दाबलं, मग परत. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे तं आपल्या घरचं मशीन हाय! माझ्या नातीला हेच शिकवा!"

बोंढारे सर पक्के धंदेवाले. त्यांनी झडप घालून माईक घेतला. "दोन्ही शिकवू! विंडोज बी अन् हे बी! हे आमच्या खिल्लारे मॅडम शिकवतील, कॉम्प्युटरच्या मॅडम!"

लाऊडस्पीकरवरून ते भुसाराच्या दुकानांपर्यंत ऐकू गेलं. मी टायपिंगच्या खोलीत परत कधीच गेले नाही.

टाळ्या चालू असतानाच इंगोले सर टेबलामागून निघाले. शेजारच्या हॉटेलातली घागर मागून घेतली आणि कोटासकट हापशावर जाऊन उभे राहिले.

गयाबाईंनी बघितलं. "अवो, हे कोटवाले सर पाणी काहून भरून राहिले?"

इंगोले सरांनी हापसा हाणता हाणता मान वर केली आणि तिथूनच ओरडले, "बाई, लाईट गेली व्हती ना!"