कारणाचा रकाना

आमच्या नोएडाच्या ऑफिसात किस्से कुणी लिहून ठेवत नाही, पण दुपारी डबे उघडले की एखादा निघतोच. त्यातले निम्मे मलिकजींचे.

मलिकजी पानिपतच्या एका कारखान्यात भट्टी सांभाळायचे. तिथे मोबाईलच्या काचेवर लेप चढवून भाजतात. किती तापमानाला, किती वेळ, याच्या चाचण्या नोंदवून पुढची चाचणी सुचवणारं सॉफ्टवेअर आमचं. मलिकजी रिटायर व्हायच्या आत त्यांचं कसब त्यात उतरवायचं होतं.

*

पहिल्याच दिवशी त्यांनी तापमान दोन डिग्री वाढवलं. स्क्रीनवर रकाना उघडला: कारण? तो भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मलिकजींनी लिहिलं, 'मन किया.'

मी कपाळाला हात लावला. रकाना माझ्याच डोक्यातून निघालेला ना!

*

आकडेमोड बघतो तो शब्बीर, मूळचा मुंबईचा. इतका सरळ, की बायकोने भाजी कशी झालीय विचारलं तरी खरं सांगतो. हल्ली डबा स्वतःच करतो.

त्याने मलिकजींना समजावलं, नीट कारण लिहा, सिस्टीम त्यातूनच शिकते. किती शिकणार, असं त्यांनी विचारलं. सगळं, म्हणाला हा शहाणा.

मलिकजींनी भट्टीवरचा आकडा एकदा तपासला. मग म्हणाले, "फिर मुझसे कौन पूछेगा?"

फार वाईट वाटलं, यार.

*

तरी दुसऱ्या दिवसापासून ते मुकाट्याने कारण लिहू लागले. 'आज पुरवा है.' म्हणजे पूर्वेचा वारा! मॅनेजर म्हणाला, आता सॉफ्टवेअरला पंचांग जोडा. सगळे हसले, शब्बीर सोडून. त्याने जुन्या खराब काचांच्या तारखा हवामानाशी ताडून पाहिल्या. पुरवा दमट, त्यात लेप नीट वाळत नाही. मलिकजी रजेवर आणि पुरवा सुटलेला, की माल गेलाच.

आम्ही दमटपणा मोजणारा सेन्सर बसवला. आता दोन डिग्री सिस्टीमच वाढवते. मलिकजी रिटायर झाले.

*

गेल्या मंगळवारी सकाळी शब्बीरचा फोन वाजला. त्याने स्पीकरवर टाकला. मलिकजी होते.

"बेटा, आज पुरवा चली है. दो डिग्री बढ़ा दो."

भट्टीचे आकडे दाखवणारी स्क्रीन आमच्या समोरच होती. सिस्टीमने तासाभरापूर्वीच तापमान दोन डिग्री वाढवलं होतं. आता हा खरं सांगणार, याची मला खात्रीच होती.

शब्बीरने एक कोरी फाईल उघडली, कीबोर्ड फोनजवळ ओढला आणि खटखट दोन कळा दाबल्या.

"बढ़ा दिया, मलिकजी," तो म्हणाला. "अच्छा हुआ आपने बता दिया."