तांब्याच्या टोपातली खोली

जमिनीवर ज्याला कुठेच धड बसता आलं नाही आणि म्हणून ज्यानं पाण्याखाली बैठक मांडली, असा माणूस महाडापासून पोलादपुरापर्यंत एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला दीर म्हणून आला. भाऊजी मुंबईच्या गोदीत कामाला. शिमग्याला आणि मग वैशाखात तुडीलला घरी यायचे, आणि आले की बसायला जागा शोधत फिरायचे. उंबऱ्यावर टेकले तर सासूबाई म्हणायच्या, "उंबऱ्यात कोण बसतं काय रे?" ओटीवर बसले तर येणारा-जाणारा मुंबईत सोनं काय भाव आहे ते विचारायचा, जसे काही हे सोन्याच्याच गोण्या उचलतात. माळ्यावर चढले तर खाली आमटीत पेंढा पडायचा. एकदा आंब्याच्या बेचक्यात पाय सोडून बसलेले दिसले. मी विचारलं, "भाऊजी, तिथं काय?" तर म्हणाले, "काय नाय वयनी. इथं कोण हाक मारत नाय." तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारलीच.

आता आमच्या घराची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वडीलधाऱ्यांच्या देखत नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, आणि वडीलधारं माणूस नाही अशी जागा त्या घरात नव्हती. बायका माजघरात निजायच्या, पुरुष पडवीत. बोलायचंच झालं तर म्हशीशी. भाऊजी गोठ्याकडे तोंड करून म्हणायचे, "आज आंघोळीला पाणी मिळंल काय गो?" की माझी धाकटी जाऊ चुलीवर हंडा चढवायची. ती वैरण टाकता टाकता म्हणायची, "सदरा उसवलाय म्हणावं, काढून ठेवा." म्हैस बिचारी रवंथ करत दोघांचा संसार चालवायची. सासूबाईंनाही सुनांना काही लागट सुनवायचं असलं की त्या तिलाच गाठायच्या, त्यामुळे घरात सगळ्यांत जास्त बोलणी म्हशीनंच खाल्ली. माझे यजमानही मुंबईलाच, गिरणीत. पण ते लहानपणी पाचाडला मामाकडे वाढलेले, डोंगरासारखे गप्प. ते म्हशीशीसुद्धा फारसं बोलत नसत.

तर गोदीत भाऊजींनी एक चीज पाहिली होती. लोखंडाची मोठी घंटा पालथी पाण्यात सोडतात, आत हवा कोंडून राहते, आणि तिच्यात बसून माणसं तळाचं काम करतात. भाऊजी वर साखळी ओढणाऱ्यांतले, आत जायला त्यांना कधी मिळालं नाही. ते त्यांच्या डोक्यात जाऊन बसलं. मग घरातलं एकही भांडं सुलटं राहीना. फुलपात्राच्या बुडाला आतून भाताच्या शितानं विडी चिकटवायची, ते बादलीत पालथं दाबायचं, वर काढून तीच विडी ओढून दाखवायची. "बघा वयनी. कोरडी." पहिल्यांदा मी कौतुक केलं. पुढं पाहुण्यांचा तांब्या झाला, देवघरातलं पंचपात्र झालं. सासूबाईंची तपकिरीची डबीही त्यांनी एकदा पालथी बुडवून पाहिली. त्या खेपेला मात्र हवाही राहिली नाही आणि तपकीरही.

त्या वैशाखात त्यांनी थेट गावकीच्या टोपावर नजर टाकली. लग्नाकार्यात भात शिजवायचा हा तांब्याचा टोप, आत दोन माणसांनी डोकी-खांदे घातले तरी जागा उरेल एवढा. देवळामागच्या खोलीत असायचा. "गावात लगीन हाय, त्याआधी मी नदीच्या वाळूनं लखलखीत घासून देतो," असं भाऊजींनी सांगितलं. मुंबईहून आलेल्या माणसाला गावचं भांडं घासावंसं वाटतं, याचंच गावकीच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यांना भरून आलं. त्यांनी टोप दिला. मग आमच्या घरातलं जातं नाहीसं झालं. मग पाटा गेला. मग मोडक्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव. हे सगळं काथ्याच्या दोरांनी टोपाच्या कड्यांना बांधून भाऊजी त्याला नदीच्या डोहात पालथा बसवायला लागले, कारण पोटात हवा असलेलं भांडं काही केल्या बुडायला मागत नाही. आणि आम्ही दोघी जावा शेजारणीच्या जात्यावर दळायला जायला लागलो.

पहिल्या दिवशी वजन एका बाजूला जास्त झालं. टोप कलंडला, पोटातली हवा भसकन सुटली आणि तो भाऊजींच्या डोक्यावरच बसला. तसेच ते टोपासकट काठाकडे चालत आले. धुणं धुणाऱ्या बायकांनी पाण्यातून एक तांब्याचं डोकं वर येताना पाहिलं आणि पिळे टाकून पळाल्या. आमच्या डोहात आसरा, पाण्यातली देवी, राहते आणि पूर्वी लग्नाला मागाल ती भांडी ती पाण्यातून वर पाठवायची, असं सगळेच मानत. पण भांडं असं चालत येईल, याची तयारी कुणाची नव्हती.

वजनाचं गणित जमल्यावर ते रोज दुपारी टोपात जाऊन बसायला लागले. तळाशी दोन सपाट धोंडे ठेवले होते, त्यांवर बसलं की छातीपर्यंत पाणी आणि वर हवा. डोकं जड वाटायला लागलं की बुडी मारून बाहेर यायचं. धोंडे दोन का, ते मला एके दिवशी कळलं. भाऊजी गोठ्याशी घुटमळत म्हणाले, "वयनी, उद्या दुपारी तिला जरा धुणं घेऊन नदीवर धाडाल काय?"

"असं काय बोलायचंय, ज्याला नदी लागते?"

"लग्नाला तीन वर्सं झाली. मुंबईला येशील काय, एवढंच विचारायचं हाय," ते म्हणाले. "म्हशीला कसं विचारू?"

मी धुणं जमवलं. फाटकंतुटकंही काढलं, नाहीतर एवढं धुणं आणायचं कुठून. माझी जाऊ सावित्री नदीच्या काठचीच, पाण्याला भिणारी नव्हे. भर दुपारी भाऊजींनी हातानं खूण केली, तिनं पदर खोचला, आणि दोघं टोपाच्या काठाखालून आत गेली. पाण्यावर दोन-चार बुडबुडे आले आणि सगळं शांत झालं. मी राखणीला काठावर कपडे आपटत बसले.

भाऊजींचं चुकलं ते इथं. गोदीत दारं लावून पाणी धरून ठेवतात, तिथं आत पाणी हलत नाही. आमच्या गावापर्यंत खाडी चढते आणि उतरते, हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं, पण टोप बसवताना ते मनानं गोदीतच होते म्हणायचे. रोज एकटे असले की लवकर कंटाळून वर यायचे. त्या दिवशी बोलायला माणूस होतं. ओहोटी लागली, आणि टोपाचं तांबडं बूड हळूहळू उन्हात उघडं पडलं. मी खडा मारून खुणावणार, एवढ्यात पायवाटेनं कारभारी दोन माणसं घेऊन टोप न्यायला आले. त्यांना वाट दाखवायला पुढं सासूबाई.

आणि टोप बोलायला लागला. तांब्यातून घुमून, देवळातल्यासारखा आवाज. "मुंबईला येशील काय विचारता नि मागं सरता? न्यायचं नसंल तर तसं सांगा! मी काय म्हशीसंगट लगीन लावलंय?"

कारभाऱ्यांनी डोक्याचा पटका काढला आणि हात जोडले. "आसरा," ते पुटपुटले. "आसरा बोलते."

"जागा नाय गो," दुसरा आवाज घुमला. "एका खोलीत गावचेच सगळे पडलेले."

"ह्या टोपात केलीत ना दोघांची जागा? मग तिथं होत नाय?"

कारभारी अजून हात जोडूनच होते. सासूबाई म्हणाल्या, "पटका घाला डोक्यावर. आसरा नाय ती. आमची धाकटी हाय."

थोड्या वेळानं दोघं वर आली. जाऊ पदर डोक्यावरून ओढून माझ्यामागं लपली. भाऊजींनी आईकडे पाहिलं, टोपाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आये, टोप घासून झाला."

"दिसतोय," सासूबाई म्हणाल्या. "माझा पाटा सोड आधी त्याला बांधलेला."

त्या दिवशी घरी आल्यावर जाऊ भाकऱ्या थापत होती, पण तिचं सगळं लक्ष सासूच्या पावलांकडे. दिवेलागणीला सासूबाई धार काढायला बसल्या आणि आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हशीला म्हणाल्या, "लावणी झाली की तुझी वैरण थोरली टाकील. धाकटीच्या हाताची सवय लावून घेऊ नको आता, मागाहून जड जाईल तुला."

भाताची लावणी झाली आणि जाऊ मुंबईला गेली. एका खोलीत मध्ये पत्रा लावून दोघांनी बिऱ्हाड केलं. शिमग्याला आली की सांगायची, पत्र्यापलीकडे माणसं घोरतात, पण आपलं बोलणं आपल्याला बोलता येतं. भाऊजींनी पुढं पाण्यात कधी काही बुडवलं नाही. त्यांना बसायला जागा मिळाली होती. आता ती दोघंही नाहीत.

टोप अजून आहे. त्याच्या काठाला जात्याच्या दोरानं पडलेला पोचा आहे, आणि लग्नघरी तो चुलाण्यावर चढायच्या आधी मी एकदा हात फिरवून येते. मागं एकदा आसपास कुणी नव्हतं, तेव्हा त्यात वाकून दोन शब्द बोलून पाहिले. छान घुमले. मी काय बोलले ते ज्यांना सांगायचं होतं, ते माझे यजमान वर्षातून दोनदा यायचे, ओटीवर बसायचे आणि परत जायचे. त्यांना पोहता येत नव्हतं.