मागची शिवण

गल्लीच्या तोंडाशी, चष्मेवाल्याला लागून, पुरुषांचे कपडे शिवणारं एक दुकान होतं आणि त्याच्या वरच्याच खोलीत दुकानाचे मालक आजारी पडून होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. आधी खोकला, मग बारीक ताप, मग पुन्हा खोकला असं करत आजाराने चांगलं बस्तान बसवलं, तेव्हा कुठे मास्तर डॉक्टरांकडे गेले. क्षय निघाला. पहिली औषधं लागू पडली नाहीत, म्हणून दुसरी, जास्त कडक सुरू झाली. खालचं शटर एकदा ओढलं गेलं ते ओढलेलंच राहिलं.

सुरुवातीला गल्लीतले लोक भेटायला येत आणि दारातूनच, नाकाला रुमाल लावून, सल्ले देऊन जात. पुढे येणं थांबलं. मास्तरांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. तेही कधी कुणाच्या आजारपणात हातातली कात्री टाकून धावले होते, असं नव्हतं.

माणूस कामाला चोख आणि नको तितका हट्टी. अंथरुणाला खिळले तरी रोज सकाळी अंग पुसून, पँट घालून, शर्ट खोचून मगच उशीला टेकायचे. डॉक्टरांनी सुचवलं, बायकोने विनवलं, की आता सैलसर पायजमा घाला. पण नाडी आणि इलॅस्टिक या दोन गोष्टी ज्याला माप घेता येत नाही त्याने शोधून काढल्या, असं मास्तरांचं ठाम मत होतं. त्यांच्या दोनच पँटी, दोन्ही स्वतःच्या हातच्या. एक धुण्यात, एक अंगावर.

आजाराचा अंदाजही ते पँटवरूनच घेत. दवाखान्यात वजनाच्या काट्यावर उभे राहिले की भिंतीकडे बघायचे आणि आकडा सांगू नका म्हणायचे. हात वाळले होते, गालफडं बसली होती, हे त्यांना दिसत होतंच. पण कात्री चालवली नाही की हात उतरणारच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. कंबरेला पँट पहिल्यासारखी बसते ना, मग आपण आहोत तसे आहोत. हूक लावला की दोन बोटं आत घालून बायकोला दाखवायचे आणि म्हणायचे, सुताचाही फरक नाही. ती मान डोलवायची.

दुकान चालू होतं तेव्हा ही बायको काजं-बटणं आणि हातशिलाई करायची. शटर बंद झाल्यावर तिने खालचं एक मशीन वर आणवलं आणि लोकांचे कपडे आखूड-लांब, घट्ट-सैल करून देऊ लागली. घर त्यावर चालत होतं. दुपारी गोळ्यांच्या गुंगीत मास्तरांचा डोळा लागायचा तेव्हा मशीनचा आवाज कानावर असायचा, आणि त्या आवाजाने त्यांना बरं वाटायचं. त्या वेळी मशीनखाली कुणाचा कपडा असतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

वर्ष उलटून गेलं. मग एका सकाळी पँटचा हूक लागेना. श्वास ओढून लावला तर बसल्यावर पोटात रुतला. पुढे पुढे बटणही लागेना. दुसरी पँट घालून पाहिली, तिचीही तीच तऱ्हा. मास्तरांना डॉक्टरांचं बोलणं आठवलं. औषधं बदलताना त्यांनी बजावलं होतं, की ही यकृताला झेपली नाहीत तर पोटावर सूज येते, तसं वाटलं तर तडक निघून या. मास्तर तडक गेले नाहीत. डॉक्टरांनी तोंडाने सांगितलं की ते खरंच होऊन बसेल, म्हणून गेले नाहीत. एरवी त्यांना बरीच अक्कल होती, पण भीतीने ती पार झाकून टाकली.

टेप बायकोच्या गळ्यातच असायचा. पण आपलं माप आपण घेऊ नये, हा धंद्यातला नियम. आकडा बघायला वाकलं की पोट आत जातं आणि माप खोटं पडतं. तिला घ्यायला सांगावं, तर सगळं सांगून टाकल्यासारखंच. तेव्हा मास्तरांनी जन्मात न केलेली गोष्ट केली, शर्ट बाहेर सोडला. जेवण निम्म्यावर आणलं, भूक नाही म्हणून ताट सारू लागले. भूक तर सडकून लागत होती. तीही आजाराचीच एखादी नवी खोड असेल, असं त्यांना वाटलं.

परत आलेलं ताट बघून बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. आजार उलटला, असं तिने मनात धरलं. दोघंही एकमेकांपासून लपवत होती आणि दोघंही दिवसभर तोंड भरून बोलत होती.

शेजारच्या चष्मेवाल्याला आपलं दुकान वाढवायचं होतं. माणूस सभ्य. अधूनमधून वर यायचा, तब्येत विचारायचा आणि जाता जाता खालचं काय ठरवलंत, असंही विचारून घ्यायचा. मास्तर दर वेळी त्याला उडवून लावत. या खेपेला म्हणाले, उद्या सकाळी या, दुकान तुम्हाला देऊन टाकतो. बायकोच्या हातातली पळी थांबली.

सकाळी ती भाजी आणायला गेली आणि मास्तर तयारीला लागले. उभी हयात ज्या दुकानात काढली, ते उघड्या बटणाने द्यायचं, हे काही त्यांना पटेना. पँटच्या मागच्या शिवणीत त्यांनी स्वतःच भरपूर माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवलेली होती. थोडी उसवावी, हातानेच चार टाके घालावेत, काम झालं. ते पांघरूण गुंडाळून बसले, पँट उलटी केली आणि ब्लेड घेतलं.

दोरा त्यांचा नव्हता. रंग जवळचा, पण तो नव्हे. त्यांनी उसवायला सुरुवात केली. दोन बोटांची माया ठेवली होती, तिथे तळहाताएवढं कापड दुमडून बसलं होतं. त्यावर सुईच्या भोकांच्या ओळी होत्या, एकीच्या आत एक. कडेची ओळ त्यांची स्वतःची. तिच्यानंतरची प्रत्येक ओळ आत आत सरकत गेलेली, टाका बायकोचा. एका जागी शिवण थोडी सोडलेली आणि पुन्हा आत घेतलेली. कडेच्या ओळीपासून शेवटच्या शिवणीपर्यंतचं कापड न विटलेलं, नवंकोरं होतं. तेवढं अंग त्यांनी गमावलं होतं.

वर्षभरात वाटली नव्हती एवढी भीती त्यांना आता वाटली, आणि तीही होऊन गेलेल्या गोष्टीची. मग हळूहळू दुसरी गोष्ट ध्यानात आली. ही पँट त्यांच्या मापाची नव्हतीच. ती एका मरायला टेकलेल्या माणसाच्या मापाची होती, आणि त्या माणसाची पँट आता त्यांना होत नव्हती. मास्तर तसेच बसून रडले.

बायको पिशवी घेऊन दारात आली. उसवलेली पँट बघून तिने पिशवी खाली ठेवली.

"मला सांगितलं का नाहीस?" मास्तरांनी विचारलं.

"सांगितलं असतं, तर तुम्ही त्या मापाचेच होऊन बसला असता."

मग बाकीचं निघालं. मध्यंतरी ते जरा सावरले तेव्हा तिने हौसेने शिवण सोडली होती आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा आत घ्यावी लागली होती. म्हणून या खेपेला तिने खात्री होईपर्यंत हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. दवाखान्यातला काटा हल्ली दर वेळी वर सरकत होता आणि डॉक्टरही खूश होते, पण आकडा सांगू नका हा हुकूम मास्तरांचाच. तेवढ्यात ताटं परत यायला लागली. मास्तरांनी सुजेचं सांगितलं.

"सूज?" ती म्हणाली. "अहो, पोट आलंय ते. जेवणाचं."

ती आधी हसली आणि मग मशीनच्या स्टुलावर बसून पदर तोंडात धरून रडली. मास्तरांनी तिला रडू दिलं. मग घसा खाकरून म्हणाले, की हा दोरा चालणार नाही, खरा दोरा दुकानात आहे, वरून दुसऱ्या खणात.

ती खाली गेली. चष्मेवाला धुतलेला शर्ट घालून निघायच्या बेतात होता. शेजारचं शटर करकरत वर गेल्याचं त्याने ऐकलं, थोडा वेळ उभा राहिला आणि आपल्या काउंटरमागे जाऊन बसला.

दोरा घेऊन ती वर आली तेव्हा मास्तर पांघरूण सावरत, भिंत धरून, ताठ उभे होते. तिने गळ्यातला टेप काढला आणि कंबरेभोवती घेऊन नीट आवळला. वाढत्या अंगाच्या पोरांची मापं आवळून घेऊ नयेत, हे मास्तरांनी तिला लग्नानंतर सगळ्यात आधी शिकवलं होतं.

"थोडं ढिलं धर," मास्तर म्हणाले. "अंग भरतंय अजून."