शकूवहिनींच्या पडवीतली दुखणी

दुखण्यातलं मला जेवढं कळतं तेवढं अलिबागच्या एकाही डॉक्टरला कळत नसेल, हे मी छाती ठोकून सांगतो! जरा हळूच ठोकतो, कारण डाव्या खांद्यातून कळ येते. शिक्षण म्हणाल तर सातवी, आणि तीही मास्तर वैतागले म्हणून पास.

पण किस्से साठतात हो. वाडीत नारळाची सोडणं साठतात तसे. मुद्दाम कोणी साठवत नाही, एक दिवस बघावं तर चालायला वाट नसते. माझ्याकडचे निम्मे तरी शकूवहिनींच्या पडवीतले आहेत. त्यांच्या मुलाचा आमच्या नागावात होमस्टे आहे. शनिवार-रविवार पडवीत मुंबईचे पाहुणे, आणि मधल्या वारी सकाळी आम्ही मोडकी मंडळी. मानसी नावाची फिजिओथेरपिस्ट पोरगी अलिबागहून स्कूटीवर येते आणि आमची हाडं हलवून घेते.

"माझ्याकडे गोळी नाही, इंजेक्शन नाही. जे करायचं ते तुम्हीच करायचं," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं आलीच नाहीत!

राहिलो आम्ही चौघं. शकूवहिनी, जन्मभर भात लावून कंबर गेलेली. घरतभाऊ, कोर्टातले रिटायर कारकून, फायलींवर वाकून मान धरलेली. मी. आणि माझा लहानपणचा दोस्त इब्राहिम. हा गल्फमध्ये ट्रेलर चालवून परत आला तो पाठ घेऊन. सगळे फोटो काढून झाले, डॉक्टर म्हणाले मणके वयाच्या मानानं ठीक आहेत. पण पाठ काही ऐकेना. दोन वर्षं तो मशिदीत मागे खुर्चीवर बसून नमाज पढत होता.

मानसीनं प्रत्येकाला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" आम्ही तिघांनी सांगितलं, दुखणं जायला हवं. इब्राहिम म्हणाला, "दुखणं राहिलं तर राहू दे. मला ईदच्या आधी एकदा कपाळ जमिनीला टेकवायचंय."

त्यावर मला विनोद सुचला नाही. असं क्वचित होतं.

*

मानसीची एक पद्धत आहे. रोज आल्या आल्या विचारायचं, "शून्य ते दहामध्ये आज किती दुखतंय?"

घरतभाऊ कोर्टातले. ते म्हणायचे, "सव्वासहा." सव्वा कुठून आला ते त्यांनाच ठाऊक!

शकूवहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "सून घरात हाय तंवर आठ. म्हायेरी गेली की दोन."

आम्ही खो खो हसलो. मानसी हसली नाही. म्हणाली, "वहिनी, बरोबर आहे तुमचं. मनावर ताण असला की अंग आवळलं जातं, झोप उडते, आणि तेच दुखणं मोठं होतं."

वहिनींनी विचार केला. म्हणाल्या, "मंग व्यायाम तिला सांग. मी बसतंय हितं!"

*

आता माझी फजिती. वाडीच्या पाटात शेवाळावरून घसरलो आणि घोटा मुरगळला. मी काय केलं? आजी करायची तसा निरगुडीचा पाला गरम करून बांधला, वर कढत वाळूची पुरचुंडी. सकाळी पायाचा फणस!

मानसी कपाळाला हात लावून म्हणाली, "काका, निरगुडी चांगली आहे हो, पण ताज्या सुजेवर शेक नाही द्यायचा. दोन दिवस गार, पाय उंच, आणि जरा गप्प बसणं. जमेल?"

"गार जमेल," मी म्हणालो.

घरच्या फ्रीजमध्ये बर्फाचे चार खडे. मग कोळणीच्या टपातला, मासळीवरचा बर्फ आणला आणि फडक्यात गुंडाळून घोट्याला लावत बसलो. सूज उतरली, झकास उतरली. पण आठवडाभर आळीतली सगळी मांजरं माझ्या मागे! इब्राहिम लोकांना सांगत सुटला, "दत्तू बरा झाला, फक्त आता त्याला पापलेट समजतात."

पण नंतर तोच एकदा गंभीर होऊन मानसीला म्हणाला, "ह्याचा पाय दहा दिवसांत नाचायला लागला. माझी पाठ का नाही? मी तर याच्यापेक्षा नेक माणूस आहे."

मानसीनं समुद्राकडे बोट केलं. "भाई, वादळ येणार असलं की बंदरात बावटा चढवतात ना? होड्या आत, फेरी बंद. दत्तूकाकांचं दुखणं तसं. ताजी जखम, खरं वादळ, बावटा बरोबर. वादळ गेलं, बावटा उतरला. तुमच्या पाठीत वादळ कधीच निघून गेलंय. बावटा उतरवायचा राहून गेलाय."

"मग उतरव ना!"

"माझ्या हातात दोरी नाही. तुम्ही रोज थोडी थोडी होडी बाहेर काढायची. काही होत नाही हे शरीराला कळलं की तेच उतरवेल."

 मी म्हणालो, "होडी काढ, पण माझ्याकडे डिझेल मागू नकोस."

*

घरतभाऊंवर मी एक प्रयोग केला. इब्राहिमकडची गल्फची एक रिकामी बाटली घेतली. वर अरबीत काहीतरी छापलेलं, झाकण सोनेरी. आत आमच्या घाण्याचं खोबरेल भरलं आणि म्हणालो, "भाऊ, तिकडचे शेख हेच लावतात. पण रात्री कोमट करून दुसऱ्याच्या हातानं चोळायचं, स्वतः नाही."

चार दिवसांत भाऊंची मान दोन्हीकडे वळायला लागली! पडवीत येऊन त्या बाटलीचं एवढं कौतुक केलं की मला राहवेना. सांगून टाकलं. भाऊंचा चेहरा पडला. मला वाटलं, आता मान परत धरणार.

मानसीनं विचारलं, "भाऊ, चोळत कोण होतं?"

"आमची ही."

"रोज? किती वेळ?"

"अर्धा तास तरी. चोळता चोळता बोलायची. म्हणजे... बऱ्याच वर्षांनी बोललो आम्ही एवढं."

मग भाऊ उठले आणि माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "दत्तू, बाटली भरून दे. आणि हिला काही सांगू नकोस!"

*

इब्राहिमचं मात्र मधेच फिसकटलं. एक दिवस बरं वाटलं म्हणून पठ्ठ्यानं नारळांचं पोतं उचललं. पाठीत चमक भरली आणि हा खाटेवर आडवा. पडवीत येणं बंद. झुबेदाभाभी सांगत आल्या, "खुर्चीवरून खाट, खाटेवरून खुर्ची, बस. म्हणतात, सगळं संपलं. ईदला जेमतेम दीड महिना उरलाय."

मी गेलो आणि त्याचा डोळा लागलेला बघून ती खुर्चीच उचलून नेली. लाल प्लास्टिकची. वाडीच्या टोकाला विहिरीजवळ ठेवली.

जाग आल्यावर शिव्या घालत उठला. घरची पडवी बघितली, परसू बघितलं, वाडी बघितली. माडाला धरत, थांबत, माझ्या सात पिढ्या काढत विहिरीपर्यंत आला. मी कठड्यावर बसलेलो. म्हणालो, "आलास चालत?"

तो मागे वळून आलेल्या वाटेकडे बघतच राहिला. मग तसाच घरी गेला. खुर्ची मला उचलावी लागली!

मानसीनं मला खडसावलं, "घाबरलेल्या माणसाशी असं करायचं नसतं काका. पडले असते म्हणजे?" खरंच होतं तिचं. दोन दिवस इब्राहिम माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पडवीत हजर. मानसीला म्हणाला, "पोतं नाही उचलणार. तू सांगशील तेवढंच."

*

मग ती त्याला पायरी पायरीनं खाली नेत राहिली. आधी पलंगाच्या कडेवर हात टेकून वाकायचं. मग स्टुलावर. मग उशांवर उशा रचून त्यांवर कपाळ, आणि दर दोन दिवसांनी एक उशी कमी. वाकताना श्वास सोडायचा. कळ आली की तिथंच थांबायचं, पळायचं नाही. शकूवहिनी शेजारी बसून, "हळू भाई, हळू, कोन पाटी लागलाय?" म्हणायच्या.

ईदच्या आधीच्या आठवड्यात, एका सकाळी, शेवटची उशी त्यानं स्वतःच बाजूला सारली. नमाजाची वेळ नव्हती, नुसता सरावच. चटईवर गुडघे टेकले, हात टेकले, श्वास सोडत सोडत गेला, आणि कपाळ जमिनीला लागलं.

घरतभाऊंनी हातातला मोबाइल खाली ठेवला. वहिनींनी पदर तोंडाशी नेला. मानसी पुढे झाली आणि मग तिथंच थांबली.

इब्राहिम उठेना. त्याची पाठ तेवढी श्वासाबरोबर हलताना दिसत होती. एवढी शांतता मला कधी सोसली आहे? म्हटलं, "अरे, अडकलास का? न्हावा शेव्याहून क्रेन मागवू?"

तो तसाच, कपाळ जमिनीला लावूनच बोलला.

"गप रे दत्तू. दोन वर्षांनी आलोय. लगेच उठून जाऊ?"