खालच्या दोन ओळी

सलूनमध्ये माझा नंबर यायचा होता. वाट बघणाऱ्यांत पेपरची पानं वाटली गेली होती आणि माझ्याकडे मधलं पान आलं होतं. पण वाचत कुणीच नव्हतं. सलूनवाल्या दत्तूने आरशाला टेकवलेल्या मोबाइलवर एका जिनिंग मिलच्या आगीचा व्हिडिओ चालू होता. धूर, ज्वाळा, पुन्हा तोच धूर.

व्हिडिओतलं गावाचं नाव ऐकून खुर्चीतले काका ताडकन उठून बसले. गालांना फेस, चष्मा काढलेला. "जावई तिथेच कामाला आहेत माझे. माणसं सुटली का?"

व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. ज्वाळा देखण्या होत्या. माणसांबद्दल कुणी बोलत नव्हतं.

"अहो, खाली लिहिलं असेल, वाचा की जरा," काका मला म्हणाले.

व्हिडिओखाली दोनच ओळी होत्या, त्या मी मोठ्याने वाचल्या. पाळी बदलत असल्याने कामगार बाहेरच होते, कुणालाही इजा नाही.

काका मागे टेकले. हलतं चित्र माणसाला धरून ठेवतं, पण सोडवलं होतं त्या दोन ओळींनी.

दत्तूने वस्तरा उचलला, तेवढ्यात काकांनी हात पुढे केला.

"थांब, चष्मा दे आधी. आणि ती आग दाखव बघू परत."