शेवटची आंघोळ घालणारी टॅबिथा

ऑक्सक्लफच्या गिरणीमागच्या तीन आळ्यांत कुणी मेलं, की डॉक्टरच्याही आधी टॅबिथा क्राउदरला निरोप जाई. डॉक्टरचं काम तोवर संपलेलं असे. टॅबिथा यायची, खिडकी उघडायची, आरशावर चादर टाकायची आणि घरच्यांना खोलीबाहेर काढायची. "जा, कुणीतरी चहा टाका. इथं उभं राहून काय होणार आहे?" मग दार लावून ती मेलेल्या माणसाला आंघोळ घालायची, हनुवटी बांधायची, केस विंचरायची, पापण्यांवर तांब्याची दोन नाणी ठेवायची. दार उघडेपर्यंत आतला माणूस असा काही व्यवस्थित दिसू लागे, की बायका म्हणत, चॅपेललाही हा कधी असा गेला नव्हता.

सव्वीस वर्षं तिनं हे केलं आणि सव्वीस वर्षं तोंड मिटून केलं. कुणाच्या पाठीवर कसले वळ होते, कुठल्या भल्या गृहस्थाच्या दंडावर बायकोचं सोडून भलतंच नाव गोंदलेलं होतं, सगळं तिच्या पोटात राहिलं. तिला लिहितावाचता येत नव्हतं, नवरा खाणीतल्या अपघातात गेला होता, मूलबाळ नव्हतं. अभिमान बाळगण्यासारखी एवढी एकच गोष्ट तिच्याजवळ होती.

ती तिनं एका चहाच्या कपावर घालवली.

त्या वर्षी साऱ्या खोऱ्यालाच मेलेल्यांशी बोलायचं वेड लागलं होतं. सकाळी चॅपेलमध्ये गळा मोकळा सोडून भजनं म्हणणारे विणकर दुपारी पडदे ओढून गोल टेबलाभोवती हातात हात घेऊन बसत आणि लाकडावर टकटक कधी होते याची वाट बघत. हसणाऱ्यानं खुशाल हसावं. ज्या आळ्यांत घरटी दोन-तीन लहान शवपेट्या स्मशानात गेल्या होत्या, तिथल्या बायकांना हसू येत नव्हतं.

या बैठका घेत प्रॉक्टरबाई. पूर्वी त्या मागावर काम करायच्या, आता त्यांच्या तोंडून मेलेले बोलायचे. दर गुरुवारी त्या टॅबिथाकडे चहाला येऊ लागल्या. "टॅबिथाबाई, तुमच्या हातचा माणूस तिकडे कसा नीटनेटका पोचतो! मला तिकडचेच सांगतात."

"काहीतरीच तुमचं," टॅबिथा म्हणायची, आणि आणखी एक ओटकेक त्यांच्या ताटलीत ठेवायची.

हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच. पण टॅबिथाच्या कामाबद्दल आजवर कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. उलट तिच्या हातचा पाव घेताना लोकांची बोटं जरा आखडायची. प्रॉक्टरबाईंनी तिचे हात हातात घेतले, आणि सव्वीस वर्षं मिटलेलं तोंड उघडलं ते मिटेचना.

त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी बैठकीत म्हाताऱ्या सायलसच्या विधवेला सायलस भेटला. उजव्या पायाचं तुटलेलं बोट आता इकडे दुखत नाही म्हणाला. विधवा ओक्साबोक्शी रडली. ते बोट टॅबिथानं गुरुवारी सांगितलं होतं. सांगताना वापरलेले शब्दसुद्धा तेच होते. ती जागच्या जागी चरकली. उठून बोलायला हवं होतं, किमान पुढच्या गुरुवारी दार लावून घ्यायला हवं होतं. पण बैठक संपताना प्रॉक्टरबाई सर्वांदेखत म्हणाल्या, "या खोलीत एक बाई आहे, तिच्या हातांना तिकडे फार मान आहे." त्या दिवसापासून टॅबिथाला टेबलाशी मानाची खुर्ची मिळू लागली. पुढच्या गुरुवारी तिनं चहा टाकला आणि स्वतःहूनच बोलायला सुरुवात केली. आता ती जाणूनबुजून सांगत होती.

नोव्हेंबरात सेलिना हार्डकासलची लेटी गेली. वय एकोणीस. अंगात पाणी साचून गेली. सेलिना म्हणजे टॅबिथाची जवळची मैत्रीण, भिंतीला भिंत लागून घर. इथल्या मुली लग्नाच्या पेटीतच मेल्यावर पायांत घालायचे पांढरे मोजे विणून ठेवतात, पण लेटीची पेटी अजून रिकामी होती. म्हणून तिच्या उशाशी बसून सेलिनानं ते विणले. डाव्या टाचेचा टाका सुटला म्हणून दोनदा उसवून पुन्हा विणले. शेवटची ओळ झाली आणि दुसऱ्या सकाळी लेटी गेली.

टॅबिथानं दार लावलं, पोरीला आंघोळ घातली आणि मोजे घेतले. ते चढेनात. पाय सुजून खांबासारखे झाले होते. अशा वेळी मोजा मागून उभा कातरायचा आणि पुढून नीट दिसेल असा बसवायचा, हे या कामातली कुठलीही बाई सांगेल. टॅबिथानं कात्री हातात घेतलीसुद्धा. पण लोकर इतकी मऊ होती, वीण इतकी घट्ट होती, की तिचा हात पुढे होईना. असली लोकर तिच्या पायांना जन्मात लागली नव्हती. तिनं लेटीचे अनवाणी पाय फितीनं बांधले, चादर खाली खोचून घेतली आणि मोजे पिशवीत टाकले. नंतर परत देऊ, असं तिनं स्वतःला सांगितलं. सेलिनानं आत येऊन फक्त लेकीचा चेहरा पाहिला.

जानेवारीत थंडीनं टॅबिथाच्या पायांना भेगा पडल्या. एकदाच म्हणून तिनं मोजे घातले. त्याच आठवड्यात प्रॉक्टरबाईंनी लेटीबद्दल विचारलं, आणि तिनं सगळं सांगितलं. उशाशी बसून विणणं, दोनदा उसवलेली टाच. आणि वर म्हणाली, "असे बेतशीर बसले म्हणून सांगू, जणू माप घेऊन केले होते." खोटं बोलायची काही गरज नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं. पण चोराला आपणहून हिशेब द्यावासा वाटतो.

रविवारी पडदे ओढले गेले, भजन झालं. प्रॉक्टरबाईंचा आवाज बारीक, पोरीसारखा झाला. "आई, टाचेसाठी किती गं दमलीस. दोनदा उसवलंस. पण माझे पाय उबेत आहेत, आई. अगदी उबेत आहेत."

सेलिनानं अंधारात शेजारचा हात घट्ट धरला. तो हात टॅबिथाचा होता, आणि टेबलाखाली टॅबिथाच्या पायांत ते मोजे होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय जळायला लागले. उजेड झाल्यावर कुणीतरी खाली बघेल या भीतीनं ती सगळ्यांच्या शेवटी उठली.

घरी येऊन तिनं मोजे धुतले, विस्तवापुढे वाळवले, कागदात गुंडाळले. मंगळवारी सकाळी पुडकं शालीखाली धरून ती सेलिनाकडे गेली. सगळं सांगायचं, मोजे समोर ठेवायचे, मग ती थोबाडीत देवो की तोंडावर दार लावो. एवढं तिनं पक्कं केलं होतं.

सेलिना कणीक मळत होती. "ये, बस. काय गं टॅबी, तोंड का उतरलंय?"

"सेलिना, ती प्रॉक्टरबाई. तिला तिकडून कुणी काही सांगत नाही."

"मग?"

"मीच सांगते. टाचेचंसुद्धा मीच सांगितलं."

सेलिनाचे हात कणकेत थांबले नाहीत. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"तुला ठाऊक आहे?" टॅबिथानं विचारलं.

"अगं, टाच उसवल्याचं मी तुझ्याखेरीज कुणाला सांगितलं होतं? मी काय दूधखुळी आहे? त्या बाईचा आवाज माझ्या लेटीचा नव्हता. लेटी घोगरं बोलायची." तिनं मनगटानं डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. "त्या बाईच्या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. पण लेटीला आंघोळ घालताना खोलीत तू होतीस. पाय उबेत आहेत हे तू तिला सांगितलंस, म्हणून मी मानलं. गेले दोन महिने मला तेच खात होतं, टॅबी. पाय एवढे सुजलेले, चढले असतील का गं? तुला विचारायचा धीर होत नव्हता. रविवारी पहिल्यांदा झोप लागली."

पुडकं शालीखाली होतं. टॅबिथाचा हात त्यावरच होता.

"चढले ना गं नीट?" सेलिनानं विचारलं.

"चढले," टॅबिथा म्हणाली.

"मग बस झालं." सेलिनानं पिठाच्या हातांनीच तिचा शालीबाहेरचा, मोकळा हात धरला. "माझी वेळ आली की तूच ये हं. दुसरं कुणी नको मला. कबूल कर."

"येईन."

पुडकं जसं आलं तसं घरी परत गेलं. प्रॉक्टरबाईंना टॅबिथानं पुन्हा उंबरा ओलांडू दिला नाही, पण त्याचा आता काय उपयोग होता? आळीत तिचा मान होता तसाच राहिला. उलट सेलिना ज्याला त्याला सांगायची, की आमच्या टॅबीसारखे हात सबंध खोऱ्यात नाहीत. ती असं म्हणाली की टॅबिथा मान खाली घालून घरात जायची. लोक म्हणायचे, बघा, गर्व म्हणून नाही बाईला.

चार वर्षांनी, मार्चमध्ये, सेलिना छातीच्या दुखण्यानं गेली. सकाळीच तिच्या बहिणीनं टॅबिथाचं दार वाजवलं. "शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती. चल लवकर."

टॅबिथानं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "मला ताप भरलाय. माझ्याच्यानं उठवत नाही. पलीकडच्या आळीतल्या बाईला बोलवा."

ताप नव्हता. ती पलंगाच्या कडेला बसली होती, पायांत बूट, अंगात धुतलेला पांढरा एप्रन. कामाची पिशवीही भरून तयार होती. भिंतीपलीकडे खिडकी उघडल्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा. पलीकडच्या बाईला घाई फार, हे टॅबिथाला माहीत होतं. केस विंचरताना ती ओढते. एका भिंतीचं अंतर होतं, आणि टॅबिथा मोजे चोरणाऱ्या आपल्या हातांकडे बघत बसली, उठली नाही.

दुपारी सेलिनाच्या बहिणीनं पुन्हा दार वाजवलं. टॅबिथानं घाईघाईनं बूट, एप्रन काढले, कडी काढली आणि ती पांघरुणात शिरली. बहिणीच्या हातात वाडगा होता. डोळे रडून सुजलेले. "मटणाचं सूप आणलंय," ती म्हणाली. "घरात मयत असताना चूल कशाला पेटवलीस म्हणून सगळ्या मला ओरडल्या. पण सेलिना असती तर तिनं आणलं असतं ना तुला. ऊठ, थोडं घे."

टॅबिथा उठून बसली. बहिणीनं तिच्या पाठीशी उशी लावली, कपाळाला हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "उतरला वाटतं." मग चमचा पुढे केला. टॅबिथानं तोंड उघडलं आणि वाडगा संपेपर्यंत सगळं सूप ती प्यायली.